वासरू आधी

सालेर (फ्रान्स), २० सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

गोठ्यावर रेंज नाही, म्हणून पत्र. ओरियाकच्या कॉलेजानं मला इथे तीन महिने धाडलंय. सालेर म्हणजे कांतालच्या डोंगरातलं जेमतेम तीनशे वस्तीचं गाव, साडेनऊशे मीटर उंचीवर. एवढ्याशा गावालाही आपला मेयर आहे, म्हणजे आपला सरपंचच म्हणा. घरं काळ्या दगडाची. पहिल्या दिवशी भिंतीवर हात फिरवला, तर आपल्या विहिरीचा दगड! इथला डोंगरही ज्वालामुखीचाच, पण उतार सगळे गवताचे.

आणि चौकात पुतळा कोणाचा? राजाचा नाही, सेनापतीचाही नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या गाईची जात सुधारणाऱ्या एर्नेस्त तिसांदिए यांचा. बाबा, तुम्ही हे बघायला हवं होतं.

गाई काताच्या रंगाच्या, शिंगं लांब. पहाटे मालक एकेका वासराला नावानं हाक मारतो, तेवढंच आत धावत येतं. दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडते. मग वासराला तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं, पाठीवर मूठभर मीठ टाकायचं. ती चाटत उभी राहते आणि तेवढ्यात धार काढायची. मशीन असलं तरी वासराशिवाय थेंब नाही.

परवा मी घाई केली, वासराला लवकर ओढलं. गाईनं दूध चोरलं. मालक काहीच बोलला नाही, दोर परत माझ्या हातात दिला. संकरित गाय आणली तेव्हा मी वहीत लिटर मांडून तुमच्याशी भांडलो होतो, वासरं तोडा म्हणून. तुम्ही म्हणालात, "आधी तिचं, मग आपलं." खरं होतं तुमचं.

आई, दूध ज्या लाकडी पिंपात ओततात त्याला साबण कधी लावत नाहीत. विरजण त्या लाकडातूनच लागतं, तुझ्या मडक्यासारखं. सालेर चीज फक्त १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळात करतात, गाई गवतावर असतात तेव्हाच. एकेक चाक ३० ते ५० किलोचं, उचलून पाठ मोडते. जेवायला बटाट्यात ताजं चीज परतून करतात ते त्रुफाद. छान लागतं, पण मी वरून तुझी लसणाची चटणी टाकतो. पुडी संपत आलीय.

कपिला व्यायली की कळवा. वासरू मोकळंच ठेवा, मी काही बोलणार नाही. आणि बाबा, तुम्हाला आता उकिडवं बसवत नाही ना? इथे मालकाच्या आजोबांचं एकपायी लाकडी स्टूल आहे, कमरेला पट्ट्यानं बांधायचं. त्याची मापं मागच्या पानावर काढली आहेत. सुताराला दाखवा. सागवान नको, जड होईल.

तुमचा,
बाळू