जुने अभ्यासवृत्तीचे अर्ज जपायचे आहेत. नामंजूर झालेलेही आणा

वाचनालयाचे सर्व सभासद, गावकरी, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी पुणे, मुंबई, सुरतेला गेलेली आपली माणसे यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात पेठेतला एक जुना वाडा पाडायला काढला. माळा रिकामा करताना पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. रद्दीवाला काटा घेऊन ओट्यावर बसलेलाच होता. घरच्या सूनबाईंनी वरचा गठ्ठा चाळून पाहिला, त्यात ‘अर्जदाराचे नाव’, ‘अभ्यासाचा विषय’, ‘घरची परिस्थिती’ असे छापील रकाने दिसले. त्यांनी रद्दीवाल्याला थांबवले आणि वाचनालयात निरोप धाडला. सगळ्यात आधी त्यांचे आभार.

हे दप्तर एका अभ्यासवृत्ती निधीचे आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या गावातल्या काही जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी, दोन वकिलांनी आणि एका डॉक्टरांनी मिळून तो काढला होता. दरसाल एका अभ्यासकाला आणि एका कलावंताला वर्षभर पैसे द्यायचे, वर्षअखेर त्यांनी केलेल्या कामाचा अहवाल घ्यायचा, एवढाच नियम. पुढे धंदे बसले, निधी आटला, शेवटचे चिटणीस वारले आणि दप्तर त्यांच्या माळ्यावर गेले. पहिला अर्ज 1947 चा, शेवटचा 1963 चा. मधल्या काळात देश किती बदलला ते नुसत्या पत्त्यांवरून कळते. सुरुवातीला ‘जिल्हा पूर्व खानदेश, इलाखा मुंबई’, मग ‘मुंबई राज्य’, आणि 1960 नंतर कुणीतरी मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेले ‘महाराष्ट्र राज्य’. 1957 पर्यंतचे खर्चाचे अंदाज रुपये-आणे-पैमध्ये, त्यानंतरचे नव्या पैशांत.

खानदेशात असा निधी निघाला याचे नवल वाटू नये. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तिथे अभ्यासकांना फेलो म्हणून ठेवून घेण्याची सोय होती. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक म्हणून येऊन राहिले. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिथल्या तिघा अभ्यासकांनी ‘अज्ञान’ या एकाच विषयावर आपापली मते मांडली आणि ती 1933 मध्ये एका पुस्तकात लंडनला छापली गेली. कापसाच्या गावात बसून माणसे वेदान्तावर वाद घालत होती आणि त्यांच्या जेवणाखाण्याची, पुस्तकांची काळजी एक गिरणीमालक वाहत होता. आमच्या गावातल्या जिनिंगवाल्यांच्या डोळ्यांसमोर हेच उदाहरण असणार, असे आम्हाला वाटते.

आता मुद्द्याचे. मंजूर झालेले अर्ज थोडे आहेत, नामंजूर झालेले फार. वाचनालयाच्या समितीतल्याच एका सदस्यांनी सुरुवातीला सुचवले की मंजूर तेवढे ठेवू, बाकीचे यादी करून काढून टाकू. जागा कमी आहे, पैसा नाही, त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मग आम्ही चारजण आठवडाभर रोज संध्याकाळी बसून नामंजूर गठ्ठा वाचत गेलो. त्यानंतर काढून टाकण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, त्या सदस्यांनीही नाही.

त्यातला एक अर्ज सांगतो. सन 1951. अर्जदार तापीकाठच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक. विषय: अहिराणी बोलीतल्या जात्यावरच्या ओव्या, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाईची आणि गुलाबाईची गाणी गोळा करणे. पाच पाने, निळ्या-काळ्या शाईत, टाकाने लिहिलेली. अपेक्षित खर्चात एक जुनी सायकल, रॉकेल, बारा वह्या, आणि ‘गाणाऱ्या बायांना चोळीखण’ अशी नोंद. तिच्यापुढे रुपये-आणे मांडून खाली बेरीज. शेवटच्या पानावर कुणाकुणाकडून गाणी घ्यायची त्या बायांची यादी. आत्याबाई, वय अदमासे सत्तर. चुलत आजी, वय ठाऊक नाही. शेजारच्या काकू, ‘यांना दोनशेच्या वर ओव्या येतात, मोजून घेतल्या आहेत’. यादी संपल्यावर मास्तर लिहितात की यातल्या तिघी थकल्या आहेत, पुढचा पावसाळा काढतील असे वाटत नाही, तरी अर्जाचा विचार लवकर व्हावा.

अर्जाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने एक ओळ आहे: ‘विषय संशोधनाचा नाही.’

निधीच्या त्या वेळच्या समितीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या काळी पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांना तसेच वाटायचे. पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि पितांबर चौधरींनी ती वेळेवर कागदावर उतरवून घेतली होती म्हणून ती राहिली. मास्तरांच्या यादीतल्या आत्याबाईंच्या, काकूंच्या ओव्या कुणी उतरवल्या का, आम्हाला माहीत नाही. त्या बाया होत्या आणि त्यांना दोनशेच्या वर ओव्या येत होत्या, एवढे सांगणारा हा एकच कागद आमच्या हातात आहे. मास्तरांनी सायकल न घेता, पायी हिंडून वह्या भरल्याही असतील. त्या वह्या तुमच्यापैकी कुणाच्या घरी पेटीत, फडताळात, देवघराच्या खालच्या खणात असतील तर त्या पाहायला मिळाव्यात, ही आमची पहिली विनंती.

दुसरी विनंती एका मंजूर अर्जाबद्दल आहे. जानेवारी 1955 मधला हा अर्ज. अर्जदार हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर. फर्दापूरला दोन महिने मुक्काम करून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या, असा त्यांचा बेत. अजिंठा तेव्हा हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे परवानगीची पत्रे, त्यांची उत्तरे, असा सगळा पत्रव्यवहार फाइलीत आहे. अर्जाला नमुना म्हणून तळहाताएवढा एक कागद जोडलेला आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा हात, कमळ धरलेला, जलरंगात. ज्या टाचणीने तो जोडला ती गंजली आणि गंजाचा तपकिरी डाग बरोबर मनगटावर उतरला आहे. बोटे मात्र जशीच्या तशी आहेत, कालच काढल्यासारखी.

अजिंठ्याच्या नकलांचे नशीब फार वाईट. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठाली चित्रे केली, त्यातली बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. गिल साहेब 1879 मध्ये वारले, त्यांची कबर आपल्या भुसावळलाच आहे. नंतर ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमधल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या नकलांना आग लागली असे कुठे लिहिलेले नाही. निधीने पैसे दिल्याची पावती आहे. दोन महिन्यांनी परत आल्याचे पोस्टकार्ड आहे. अहवाल आणि चित्रे मात्र फाइलीत नाहीत. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली मंडळी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या शाळेच्या अडगळीत ती चित्रे असतील तर कृपया कळवा. चित्रे मागत नाही. येऊन त्यांचा फोटो घेऊ, मूळ तुमच्याच घरी राहील.

अमेरिकेत अशा कागदांचे मोल केव्हाच ओळखले गेले. रॉकफेलर फाउंडेशनने ज्यांना ज्यांना फेलोशिपा दिल्या त्यांची कार्डे आणि पत्रव्यवहार न्यूयॉर्क राज्यात स्लीपी हॉलो इथल्या अभिलेखागारात सांभाळून ठेवलेला आहे. आपले चित्रकार वा. सु. गायतोंडे 1964 मध्ये जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीतून न्यूयॉर्कला गेले. अशा माणसांचा अभ्यास करणारे आज त्या कागदांपाशी जातात. आपल्याकडे धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला वारले, आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद सांभाळायला तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. आमच्या ट्रंका त्या मानाने लहान आहेत, पण त्यातली माणसे आपली आहेत. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कहून कुणी येणार नाही.

कागदांची अवस्था काळजी करण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षे कागदाची टंचाई होती, त्यामुळे बरेच अर्ज हलक्या प्रतीच्या कागदावर आहेत. घडीवर हात लावला की पापुद्रे सुटतात. जुन्या शाईतले आम्ल कागद खाते. काही ठिकाणी अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकेच उरली आहेत. एका गठ्ठ्याला वाळवीने कोपऱ्यातून पोखरले आहे. त्यात आपल्याकडचा मे महिना. पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या ट्रंकेत कागदाचे काय होते ते वेगळे सांगायला नको. आणखी दोन उन्हाळे हे कागद काढतील असे जाणकारांना वाटत नाही.

म्हणून पैशांची गरज आहे. आम्लविरहित फोल्डर आणि खोकी, फाटलेली पाने सांधायला जपानी टिश्यू यांना मिळून सुमारे 35,000 रुपये. वरून फोटो घेणारा स्कॅनर, ज्यात पान दाबावे लागत नाही, 45,000 रुपये. आणि अर्धवेळ काम करणारी दोन मुले वर्षभर लागतील, महिन्याला प्रत्येकी 10,000 रुपये. ते झाले 2,40,000. एकूण 3,20,000 रुपये. समितीच्या सदस्यांनी आपापसात 41,000 जमवले आहेत, लोखंडी कपाट एका सभासदांनी दिले. उरलेले 2,79,000 रुपये आपणाकडून हवेत. शंभर रुपयेसुद्धा घेऊ आणि पावती देऊ. मुलांच्या मानधनाला कात्री लावा, फुकट काम करणारे मिळतील, असे एक-दोघांनी सुचवले. त्याला आम्ही तयार नाही. ज्या निधीचे हे कागद आहेत तो माणसांना कामाचे पैसे मिळावेत म्हणूनच निघाला होता.

पैसे देणे जमणार नसेल तर वेळ द्या. शिफारसपत्रांतली काही मोडीत आहेत. मोडी वाचणारे हवेत. ओव्यांचे नमुने तपासायला अहिराणी, लेवा गणबोली, गुजर बोली घरात बोलणारी वडीलधारी माणसे हवीत, विशेषतः बाया. ओव्या गोळा करणाऱ्या मास्तरांच्या खुणेवरून चाल कोणती ते आजीला कळेल, आम्हाला नाही कळत.

एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. काही वर्षांपूर्वी वाचनालयाला रंग देताना आमच्याच हातून तीन जुनी बोचकी रद्दीत गेली. त्यात काय होते ते कुणी उघडून पाहिले नाही. त्यामुळे हे कागद आमच्याकडे सुरक्षित राहतील का, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. आता दर कागदाला नोंदवहीत क्रमांक पडतो, दोघांच्या सहीशिवाय खोके उघडत नाही, आणि स्कॅनची एक प्रत गावाबाहेर ठेवली जाईल.

आणखी एक अर्ज आहे, त्याचे वर्ष आणि विषय सांगत नाही. एका मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेला, फार चांगला अर्ज. त्याला मागून जोडलेले तिच्या थोरल्या भावाचे पत्र: ‘घरच्या विचाराने अर्ज मागे घेत आहोत.’ या बाई हयात असतील, नातवंडांत असतील. अर्जांत घरची गरिबी आहे, आजारपणे आहेत, कर्जे आहेत. कुणाचेही नाव, कुणाचाही कागद घरच्यांच्या संमतीशिवाय आम्ही दाखवणार नाही. नातलगांनी मागितली तर अर्जाची प्रत विनामूल्य देऊ. या निधीला आपल्या घरातल्या कुणी अर्ज केला होता असे ऐकले असेल, तर एकदा येऊन यादी पाहून जा.

अर्जदाराकडे कार्बन कॉपी राहायची, नकाराचे पत्र यायचे, शिफारसीसाठी हेडमास्तरांना लिहिलेली पत्रे असायची. ती आजोबांच्या पेटीत, जमिनीच्या कागदांत, लग्नपत्रिकांच्या पिशवीत मिळतात. सापडली तर नीटनेटकी करायच्या भानगडीत पडू नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पाकिटे फेकू नका. पाकिटावरचा शिक्का कधी कधी आतल्या पत्राइतकाच उपयोगी पडतो. कोणता कागद कोणत्या कागदाजवळ होता हेही आम्हाला हवे असते, म्हणून क्रम लावू नका.

वाचनालयाची कचेरी सोमवार सोडून रोज सकाळी 9 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 उघडी असते. देणगी रोख, चेकने किंवा कचेरीतल्या फलकावरच्या क्यूआर कोडने देता येईल. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी निरोप द्यावा, आमच्यापैकी कुणीतरी घरी येईल. पिशवी जशी असेल तशीच द्या. टाचण्या आम्ही काढू.

आपले नम्र,
चिटणीस आणि कार्यकारी मंडळ