बायंडरकाका, सेलोटेपबद्दल परत एकदा सॉरी आणि बाकी सगळ्याबद्दल थँक्यू

काका, तुमच्याकडे साधा फोन आहे हे माहितीये, पण सूनबाई वाचून दाखवतील म्हणून इथे लिहितेय. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून परत पुठ्ठा कापायला लागता, मग बोलायचं राहूनच जातं.

तर बाकीच्यांसाठी थोडक्यात. मला एकोणिसाव्या शतकातली सचित्र साप्ताहिकं जमवायचा नाद आहे. मागच्या वर्षी जुन्या बाजारात रविवारी एका माणसाकडे 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'चा १८५१चा जानेवारी ते जूनचा बांधीव खंड मिळाला, पाठ निघालेली, शिवण सुटलेली, वर वाळवीने कोपरा खाल्लेला, पण पानं जवळजवळ सगळी. शेजारच्या विक्रेत्याचा सल्ला असा की मॅडम, चित्रं कापा, वॉटरकलरने रंगवा, फ्रेम करून एकेक विका. मी हो म्हणाले नाही पण घरी येऊन त्याहून वाईट केलं, फाटलेल्या अकरा पानांना सेलोटेप लावला. आणि वर लॅमिनेशनचा रेट पण विचारून आले होते.

मग कोणीतरी सांगितलं की शनिवार पेठेत एक बायंडर आहेत, पीएचडीचे थिसिस आणि सोसायट्यांची रजिस्टरं बांधतात पण जुन्या पोथ्यांना पण हात लावतात. तुम्ही खंड उघडलात, सेलोटेप बघितलात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून फक्त म्हणालात, "हे कुणी केलं?" मी भाच्याचं नाव सांगितलं. काका, भाचा सहा वर्षांचा आहे आणि नाशिकला असतो.

टेप काढायला तुम्हाला तीन आठवडे लागले, रोज थोडा थोडा, आणि त्याचे पैसे तुम्ही बिलात धरलेच नाहीत. खळ माझ्यासमोर शिजवलीत, नेहमीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालता तो यात घालायचा नाही, कागदाला डाग पडतो आणि पुढे कागद तिथूनच खराब होतो म्हणालात. पातळ जपानी कागद मात्र मला शोधायला लावलात. कटिंग मशीनला तर खंड लावूच दिला नाहीत, "कडा वाकड्या दिसल्या तर दिसू देत, समास गेला की परत येत नाही." मधली दोन पानी चित्रं शिवणीत गिळली जायची, त्यांना मागून कागदी पट्ट्या जोडून तुम्ही अशी बसवलीत की आता क्रिस्टल पॅलेसचं, म्हणजे लंडनच्या त्या काचेच्या प्रदर्शन-इमारतीचं, चित्र सपाट उघडतं. १ मे १८५१ला तिथलं प्रदर्शन सुरू झालं, आपला कोहिनूर पण तिथे मांडला होता आणि बघायला आलेले लोक चमकत नाही म्हणून नाराज, पुढच्याच वर्षी परत पैलू पाडले. असो.

पण मला खरं थँक्यू म्हणायचंय ते त्या पांढऱ्या रेघेसाठी. त्याच चित्रात वरपासून खालपर्यंत एक केसाएवढी पांढरी रेघ होती, मी तिला घडीची खूण समजून बसले होते, दाबून सपाट करा म्हणून तुमच्या मागे लागले होते. तुम्ही पान तिरकं धरलंत, बोट फिरवलंत आणि म्हणालात घडी असती तर बोटाला लागली असती, हा ब्लॉकच, म्हणजे चित्र छापायचा लाकडी ठसाच, जोडलेला आहे. वडिलांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाची नजर! घरी येऊन वाचलं तर अगदी तसंच, बॉक्सवूडचं झाड बारीक, मोठी फळी मिळतच नाही, म्हणून छोटे ठोकळे मागून बोल्टने जोडायचे, वर चित्र काढायचं, मग सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे म्हणजे बातमी शिळी व्हायच्या आत काम होतं, आणि शेवटी परत आवळायचे. जिथे नीट आवळलं नाही तिथे रेघ. आता मी कुठलाही अंक उघडला की आधी रेघाच शोधते, चित्र नंतर.

बदल्यात मी पण तुम्हाला एक किस्सा सांगितला होता, आठवतो का? 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या १४ मे १८४२च्या पहिल्याच अंकात हॅम्बुर्गच्या आगीचं चित्र होतं, ते शहराच्या जुन्या चित्रावर ज्वाळा काढून केलेलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचंच काम."

आणि ते 'ग्राफिक'चे, म्हणजे लंडनच्याच दुसऱ्या सचित्र साप्ताहिकाचे, १८९०नंतरचे सुटे अंक, ते तुम्ही घेतलेच नाहीत. चाळीस वर्षांनी नवे असून हातात पापडासारखे मोडतात कारण तो लाकडाच्या लगद्याचा कागद आणि १८५१चा चिंध्यांचा. "हे बांधू नका, शिवलं की फाटेल, पेटीत आडवे ठेवा." पैसे मिळत होते तरी नाही म्हणालात. तसेच ठेवलेत, आडवे.

अजून एक. दुरुस्तीत निघालेले बारीक तुकडे तुम्ही फेकले नव्हते, पाकिटात घालून शेवटच्या पानाला ठेवले होते. काल भिंग घेऊन बसले तेव्हा त्यातल्या एकावर लाल शाईचा अर्धा गोल दिसला, तो पेनीच्या सरकारी टॅक्सचा शिक्का, १८५५पर्यंत तिकडे प्रत्येक अंकावर लागायचा. उरलेला अर्धा मार्चच्या एका अंकाच्या कोपऱ्यावर आहे. गुरुवारी चारनंतर घेऊन येते, खळ असेल ना?