तंग पुन्हा एकदा तपास

सातारा,
२ ऑगस्ट

चिरंजीव लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

या महिनाअखेरीस तू मैत्रिणींसह पुन्हा अमेरिकेतल्या वायोमिंगच्या विंड रिव्हर पर्वतात घोड्यावरून मुक्कामी जाणार आहेस, हे कळले. गेल्या वर्षी मी तुझ्यासोबत होते. या वेळी नसेन, म्हणून तेव्हा तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट आज लिहिते.

पहिल्या ओढ्याच्या उतारावर मी पडले, तेव्हा खांद्याला मुका मार लागला एवढेच मी तुला सांगितले होते. खरे असे, की खोगीर कुशीला सरकले तेव्हा माझा डावा पाय रिकिबीत अडकून राहिला होता, आणि तो कुमैत, म्हणजे काळसर तांबडा, घोडा बिथरून पळाला असता तर मी त्याच्यामागे दगडांवरून फरफटत गेले असते. तो मात्र जागचा हलला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो आणि थोडे चालल्यावर ते सैल सोडतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी उतरून तंग पुन्हा तपासावा, असे वाटाड्याने निघतानाच बजावले होते. मी समोरची शिखरे पाहण्यात ते विसरले. तू विसरू नकोस. रिकिबीत पायाचा चवडाच ठेव, आणि टाचेचे बूट घाल, म्हणजे पाऊल आरपार जाणार नाही.

त्या पर्वतातले ब्रिजर नावाचे रान १९६४ च्या अमेरिकी वन्यप्रदेश कायद्याने राखलेले आहे. तिथे मोटारच काय, सायकलही नेता येत नाही, तेव्हा काही झाले तर मदत पोहोचायला वेळ लागतो. दुपारी विजा कडाडतात, त्यामुळे उघडी खिंड सकाळीच ओलांडा. अस्वलांसाठी अन्नाची पिशवी जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट दूर टांगायची, हे तुला माहीत आहेच.

मुक्कामाला पोहोचल्यावर आपल्या चहाआधी घोड्यांना पाणी दाखव आणि खरारा कर. त्यांना झाडाच्या बुंध्याशी बांधू नका, कारण रात्रभर टापा आपटून ते मुळे उघडी पाडतात. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून, त्यांमध्ये डोक्यावरून ताणलेल्या दोरालाच दावी बांधा.

गेल्या वर्षीच्या त्या रात्री दोनच्या सुमारास मी तंबूबाहेर आले होते. गवतावरचे दव गोठले होते, आणि पाचही घोडे कान टवकारून एकाच दिशेला, ओढ्यापलीकडच्या अंधारात, पाहत होते. मला काहीच दिसले नाही, ऐकूही आले नाही. तुला उठवावे असे वाटले, पण मी त्यांच्या कानांकडेच पाहत उभी राहिले. बऱ्याच वेळाने एकेकाचे कान सैल पडले, कुमैताने मागचा एक पाय दुमडून खुराचे टोक टेकवले आणि उभ्या-उभ्याच डोळे मिटले. तेव्हा मीही आत येऊन निजले.

परतल्यावर या खेपेला तुला कोणता घोडा मिळाला, त्याचा रंग आणि स्वभाव कसा होता, ते सविस्तर लिही.

तुझी,
आई