वू ता-यू यांच्याविषयी लेकीस पत्र

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

महाविद्यालयात शिकवू लागले की संशोधन खुंटेल, ही धास्ती तू मागच्या पत्रात व्यक्त केलीस, म्हणून आज वू ता-यू या चिनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाविषयी सविस्तर लिहिते. १९०७ साली ग्वांगझू येथे जन्मलेले वू नानकाई विद्यापीठात शिकले, १९३३ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले.

१९३७ साली जपानचे आक्रमण झाले आणि पेकिंग, छिंगह्वा व नानकाई ही तिन्ही विद्यापीठे अखेर दूर नैर्ऋत्येकडील कुनमिंगमध्ये एकत्र आली. तिथे बॉम्बहल्ले होत, महागाईमुळे पगार पुरत नसे आणि घरी पत्नी क्षयाने आजारी होती. तरीही वूंनी पेकिंगहून नेलेला लोलक लाकडी आधारावर बसवून वर्णपटाचे प्रयोग चालू ठेवले आणि अनेक अणूंच्या रेणूंची कंपने व वर्णपट यांवर ग्रंथ लिहिला.

याच कुनमिंगमध्ये यांग चेन-निंग त्यांच्याकडे पदवीच्या प्रबंधासाठी आले. वूंनी त्यांना रेणूंचे वर्णपट आणि गट-सिद्धांत, म्हणजे सममितीचा अभ्यास करणारी गणिताची शाखा, यांचा संबंध अभ्यासायला दिला आणि तिथून यांग यांना सममितीची गोडी लागली, ती जन्मभराची. १९४५ साली त्सुंग-दाओ ली आले. दिलेले प्रत्येक उदाहरण हा मुलगा झटपट सोडवून आणतो आणि आणखी मागतो, हे वूंनी हेरले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला सोबत नेण्यासाठी तरुण निवडायची वेळ आली तेव्हा पदवीही न मिळालेल्या या विद्यार्थ्याला त्यांनी निवडले. हा निर्णय मला त्यांच्या कोणत्याही शोधनिबंधाइतकाच मोलाचा वाटतो.

क्षीण आंतरक्रियेत, म्हणजे काही किरणोत्सारी ऱ्हासांमागे असलेल्या मूलभूत बलात, डाव्या-उजव्याची सममिती टिकते हे गृहीत धरता येत नाही, हे यांग आणि ली या दोघांनी १९५६ साली दाखवले आणि १९५७ साली त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा यांग यांनी वूंना कृतज्ञतेचे पत्र पाठवले. घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात नाव मिळवलेले हुआंग कुन हेही वूंचेच विद्यार्थी.

वूंचे स्वतःचे काम मात्र थांबले नाही. १९४९ नंतर ते कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्रमुख होते आणि १९८३ ते १९९४ या काळात तैवानच्या अकादेमिया सिनिका या राष्ट्रीय संशोधन संस्थेचे अध्यक्ष. २००० साली तैपेई येथे त्यांचे निधन झाले.

पहिल्या सत्रात तुझ्याकडे कोणता विषय येणार आहे, ते कळव.

तुझी आई