बाबा, कार्बोरेटर माझ्याकडेच आहे

श्टुटगार्ट,
१८ नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी कबुली देतो, रागवा, मग पुढचं वाचा. आपल्या सत्तरचा, म्हणजे श्टील कंपनीच्या ०७० नंबरच्या झाडं कापायच्या मशीनचा, कार्बोरेटर दुरुस्त होऊन महिना झाला. माझ्या टेबलाच्या खणात मोज्यात गुंडाळून ठेवलाय. "पार्ट मिळत नाहीय" असं तीनदा फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. आईला माहीत होतं, पण तिच्यावर डाफरू नका. गणपतीनंतर निघताना तो बॅगेत मी घातला, तिने फक्त वर करंज्यांचा डबा ठेवला.

पार्ट सगळे मिळतात. श्टीलच्या पार्ट नंबरातले पहिले चार आकडे म्हणजे मशीनचं कूळ. सत्तर आणि तिचा मोठा भाऊ नव्वद (०९०) या दोघांचं ११०६. एवढं कळलं की अर्धा शोध संपतो. बेअरिंग तर मापावर कुठेही मिळतं, ऑइलसीलचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की काम होतं. पिस्टन ५८ मिलिमीटरचा, तोही नवा मिळतो, कारण चीनमध्ये सत्तरच्या नकला अजून बनतात. नकली सिलिंडर घेतला तर आतल्या भोकांच्या, म्हणजे पोर्टच्या, कडा बोटाने चाचपायच्या, धार लागली तर घासून मऊ करायच्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. आपल्या कार्बोरेटरचं दुखणं तर किरकोळ होतं. डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, वाळलेल्या पापडासारखा कडक झाला होता. टिलॉटसन या कार्बोरेटरवाल्या कंपनीचा किट आणला, रविवारी दुपारी बसवला, झालं.

डिसेंबरात इथून एक मुलगा गोव्याला जातोय, त्याच्याकडे द्यायचंही ठरवलं होतं. मग शेजारच्या गावातल्या एका आजोबांकडे गेलो. वय ८३, गोठ्यात गुरं नाहीत, ओळीने जुनी मशिनं. तुम्ही इथे असतात तर जेवायला उठला नसता. आंद्रेआस श्टीलने १९२६ साली याच शहरात सुरुवात केली आणि १९२९ चं त्याचं पेट्रोलवरचं मशीन ४६ किलोचं होतं, दोघांनी धरायचं. तुम्ही आणि वासूकाका दोघांची करवत ओढायचात तसं. आजोबांकडे १९५९ साली आलेल्या श्टीलच्या कॉन्ट्रा मशीनच्या जातीचं एक आहे, १२ किलो, सहा हॉर्सपॉवर, गिअर नाही. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. दोन मिनिटं चालवलं असेल, पुढचा अर्धा तास बोटांत मुंग्या होत्या.

मग त्यांनी स्वतःचे हात दाखवले. थंडीत तीन बोटं पेरापासून पांढरीफटक, जशी मेणाची. शर्टाची बटणं बायको लावते. इथे त्याला पांढऱ्या बोटांचा आजार असंच म्हणतात. मशीनच्या थरथरीने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात.

बाबा, पौषात चुलीजवळ बसून तुम्ही हात चोळता, आई तांब्याभर कढत पाणी आणून देते. आम्ही लहानपणापासून ते थंडीचं समजत आलो. आंबोलीची थंडी म्हणे! गेल्या गणपतीत तर भर भाद्रपदात तुमच्या हातून निरांजन सुटलं. तेव्हा मी काही बोललो नाही, ताईने फक्त माझ्याकडे बघितलं.

म्हणून कार्बोरेटर पाठवत नाही. हँडलखाली रबर घालून थरथर कमी करणं साठच्या दशकात सुरू झालं, साखळी झटक्यात थांबवणारा चेनब्रेक १९७२ साली आला. आपल्या सत्तरला दोन्ही नाहीत. साखळी फिरते त्या पट्टीचं टोक फांदीला लागलं तर ते सरळ तोंडावर येतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही म्हणाल, "माका काय होणां नाय." चाळीस वर्षांत झालं नाही, मान्य. तुमच्या हाताबद्दल शंका घेत नाहीय मी, बाबा. वखारीत कानस धरायला तुम्हीच शिकवलंत, एक दात डावा, एक उजवा, प्रत्येकाला तीनच फेरे. ठिणगीचे पॉइंट साफ करायला आईच्या माहेरची लग्नपत्रिका फाडून तिचा तुकडा मधून ओढायचात आणि आई वर्षभर ती पत्रिका शोधत होती. मी मांडीवर बसून झाकणातले स्क्रू मोजायचो. ते मशीन नसतं तर माझी इंजिनिअरिंगची फी कुठून आली असती?

आता ऐका. मागचा वठलेला फणस तुम्ही तोडायचा नाही. परवानगीचा कागद झाला की माणूस लावा, पैसे मी पाठवलेत, आईच्या खात्यात. त्याच्या बाजूला उभं राहून शिकवत बसायचं नाही. या महिन्यात डॉक्टरांना हात दाखवायचे आणि "मी मशीन चालवायचो" हे आपणहून सांगायचं, ते विचारणार नाहीत. तंबाखू बंद. तिने रक्तवाहिन्या आणखी आवळतात, आई, पुडी कुठे असते ते तुला माहीत आहे. गिझर बसवणारा गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी बघा. आणि आई, तू वाकून हंडा उचलू नकोस, तुझी कंबर मी विसरलेलो नाही.

मशीन विकू नका, कुणाला द्यायचंही नाही. टाकीत पेट्रोल उरलं असेल तर आजच काढून टाका, हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने रबर जातं. पट्टीला तेल लावून गोणपाटात ठेवा. मे महिन्यात येताना कार्बोरेटर घेऊन येतो. अंगणात चेन काढून एकदा सुरू करू. मी धरतो, चोक तुम्ही ओढा.

तुमचा,
बाबू