घरातला सहावा माणूस

7 ऑक्टोबर 2025
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि ती. बाबा यांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, पत्र पाहून घाबरू नका. इकडे सगळे बरे आहेत. फोनवर काही बोलायचं म्हटलं की तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणता, आई "जेवलीस का व" म्हणते आणि तिथंच संपतं. म्हणून लिहिते आहे.

गेल्या रविवारी तुम्ही किराण्याच्या पुडीचा कागद सरळ करून मला फोनवर वाचून दाखवलात. जागतिक आरोग्य संघटनेचा जून महिन्यातला अहवाल, त्यात म्हटलंय की जगात दर सहा माणसांतल्या एकाला एकटेपणा छळतो. मग तुम्ही बोटं मोजलीत. तुम्ही, आई, दादा, वहिनी, जावई आणि मी. बरोबर सहा. "मंग आपल्यातला सहावा कोन?" म्हणून हसलात, आणि हसता हसताच विचारलंत, "तुले तिथं कोनी मैत्रीण हाये का व बाई?" मी म्हटलं, आहेत ना, खूप आहेत. आणि भात लागतोय म्हणून फोन ठेवला. बाबा, भात लागला नव्हता. कुकर अजून चढवलाच नव्हता.

खरं म्हणजे जवळची म्हणावी अशी मला कोणी नाही. आजचं नाही हे, पंचवीस वर्षं होत आली. रडगाणं म्हणून सांगत नाही. आपला पगार होतो, पोरगी शिकते आहे, ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले, ते आठवडाभर बोचत राहिलं.

तुम्हाला वाटत असेल, शाळेत नोकरी, चार माणसांत ऊठबस, तर मैत्रीण का मिळू नये? आमची शाळा द्विशिक्षकी. दुसरे सर भला माणूस, पण शाळा सुटली की त्यांची गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागते. गावातल्या बायका माझ्याशी फार चांगल्या वागतात. हुरडा निघाला की आधी माझ्या घरी येतो, हळदीकुंकवाला मला खुर्ची देतात. त्या खुर्चीतच सगळं अडलंय. बाकीच्या खाली सतरंजीवर एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसतात, सासूचं, नणदेचं काय काय बोलतात, आणि मी दारात दिसले की "या मॅडम" म्हणून पदर सावरतात. बावीस वर्षांत मला या गावात कोणी नावानं हाक मारली नाही.

त्यातल्या त्यात आमच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकीणताई. खिचडी उतरवली की पहिला चमचा मला देतात, मीठ बघायला. एकदा पावसात दोघी शाळेच्या वऱ्हांड्यात अडकलो होतो तेव्हा त्यांनी आपल्या मेलेल्या लेकराची गोष्ट सांगितली. मीही बरंच काही बोलले. वाटलं, झाली मैत्री. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकात उभ्या, "नमस्ते मॅडम". बहुतेक त्याच लाजल्या. किंवा मी लाजले, आणि त्यांनी ते ओळखलं.

एक मधेच सांगते. "नवरा हाच खरा मित्र" असं म्हणणाऱ्या बायका हल्ली फार भेटतात. मला ते पटत नाही. ह्यांच्याशी बोलताना प्रत्येक गोष्टीला कुठंतरी हिशेब जोडलेला असतो, हप्ता, पोरीची फी, सासूबाईंच्या गोळ्या. बोलणं झालं की काहीतरी ठरावं लागतं. मैत्रिणीशी दोन तास बोलून काहीही न ठरवता उठता येतं.

हे मला कळलं ते तुमच्याकडे आणि तुमच्या मित्राकडे, आमच्या काकांकडे बघून. दुपारी चारला ते ओट्यावर येतात, आई नको नको म्हणत असताना खर्रा घोटत बसतात, आणि तुम्ही दोघं एकच पेपर दोनदा वाचता. बोलता किती? मी दिवाळीत एकदा मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. तासाभरात चार वाक्यं. त्यातली दोन कपाशीच्या भावावर.

पण शेताच्या धुऱ्याचं प्रकरण मी विसरले नाही. मी सातवीत होते. चुलत्याशी वाटणीचा वाद होता, पंच बसले होते, आणि काका तुमच्या बाजूनं बोलतील अशी घरात सगळ्यांची खात्री. ते उठले आणि म्हणाले, "धुरा दोन फूट यानंच सरकवला. म्या पाह्यला." तुम्ही आखाडीपासून पोळ्यापर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीत. आईनं त्यांच्या घरचं विरजण मागणंसुद्धा बंद केलं होतं. मग पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले, तर काकांनी आपली जोडी नेमकी आपल्या जोडीला लावून उभी केली. आपल्या ढवळ्याच्या डाव्या शिंगाचं बेगड फाटून लोंबत होतं. त्यांनी खिशातून बेगडाचा तुकडा काढला, थुंकी लावली आणि अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवला. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, खर्ऱ्याची पुडी उघडून अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवलात. मी बंडीच्या चाकापाशी उभी राहून बघत होते. तुमचं चुकलं होतं बाबा, हे आज सांगते. आणि ते तुम्हाला तोंडावर सांगणारा माणूस गावात एकच होता.

असा माणूस कसा मिळतो? मागे एका प्रशिक्षणात तज्ज्ञ मॅडमनी सांगितलं होतं, अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी 2018 साली हिशेब मांडला, की नुसत्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायची तर एकमेकांसोबत 50 तास लागतात, खरी मैत्री व्हायला 90, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला 200 च्या वर. सगळे हसले. मी मात्र वहीच्या मागच्या पानावर गणित करत बसले. तुम्ही दोघं हरभऱ्याच्या जागलीला जायचात. रानडुकरं आणि रोही हाकलायला रात्रीचे आठ तास शेकोटीपाशी. पंचवीस रात्री झाल्या की 200 तास भरले. म्हणजे एका हिवाळ्यातच तुमचं काम झालं होतं, पुढचे चाळीस हिवाळे वरकड.

मग माझंही गणित केलं. टेलरकाकांची पोरगी आणि मी, आठवी ते दहावी, एक सायकल. सात किलोमीटर जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. वर्षाचे शाळेचे दोनशे दिवस धरले तरी तीन वर्षांचे 800 तास. नाल्यापर्यंत ती चालवायची आणि मी कॅरिअरवर, नाल्याच्या पुढे मी. मागे बसणारीनं पुढचीच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायचं आणि तिनं ओळखायचं, असा आमचा खेळ. तिची पाठ घामेजलेली असायची, ब्लाऊजच्या कापडावर अक्षर नीट उमटायचं नाही, तरी तिनं सांगितलेलं कधी चुकलं नाही.

तिचं लग्न झालं तेव्हा माझी डी.एड.ची परीक्षा होती, मी गेले नाही. वर्षभरानं तिचं अंतर्देशीय आलं. बाळ राहिलं नाही, एकदा ये, एवढंच आणि खाली नाव. मी उत्तर लिहायला बसले, पण काय लिहावं सुचेना. उद्या लिहू म्हटलं. आई, ते पत्र तू माझ्या उशीखाली पाहिलं होतंस आणि मला काही विचारलं नाहीस. त्या उद्याला आता चोवीस वर्षं झाली.

मागच्या वर्षी दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. तीही आली होती. आम्ही शेजारी उभ्या राहून फोटो काढला. तिनं विचारलं, मुलं किती. मी विचारलं, मुलं किती. मग ती पंगतीत वाढायला गेली. रागावलेली असती तर बरं झालं असतं.

मैत्रिणीशिवाय राहता येतं. चांगलं राहता येतं. संध्याकाळी मी मोगऱ्याला पाणी घालते, वह्या तपासते, रेडिओ लावते. माणूस वाईट वेळी एकटा पडतो म्हणतात, मला तसं नाही वाटत. वाईट वेळी पूर्ण गाव धावून येतं, हे माझ्या पायाचं हाड मोडलं तेव्हा मी पाहिलं. अडतं ते फालतू गोष्टींत. शिक्षणाधिकारी तपासणीला आले आणि त्यांच्या टोपीवर पोपटी किडा चालत होता, तो त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होता. हे कोणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर "मग?" म्हणतात.

पण बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी नव्हे. मी दुसऱ्या पानावर येईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. आपल्या घरातला सहावा माणूस आई आहे.

मार्चमध्ये आईला सलाईन लागली, तेव्हा मी ओल्या कापडानं तिचा हात पुसत होते. मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदणाचे पाच ठिपके आहेत, तुम्ही बावन्न वर्षं बघता आहात. चार गोल आहेत. पाचवा फिसकटलेला, शेपटी असल्यासारखा. मी सहज विचारलं. आई म्हणाली, सालबर्डीच्या जत्रेत महाशिवरात्रीला गोंदलं, मोर्शीकडून बंडीनं गेल्या होत्या, बारा वर्षांच्या असतील. "मी हात हिसकला म्हनून तो ठिपका असा झाला. तिनं मंग माहा हात दाबून धरला. तिनं सोताचे पाचही गोंदून घेतले, हू का चू नाही." कोण ती, म्हणून विचारलं, तर ती आईची लहानपणची मैत्रीण, कळंबला दिलेली मावशी. दोघी भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या, आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत वासावरून ओळखायची ती मावशीनंच. शेवटची भेट मामाच्या तेरवीला. अकरा वर्षांपूर्वी. अर्धा तास, तोही पंगतीच्या गडबडीत. "फोन का नाही केला?" म्हटलं तर आई म्हणाली, "कायले? काय काम हाये?"

तुमचा मित्र रोज चार वाजता चालत येतो, बाबा. आईची मैत्रीण धामणगाव, बाभुळगाव, यवतमाळ अशा तीन एसट्यांच्या पलीकडे, आणि आईला जायला काही काम निघालं नाही.

काल शाळेच्या आवारात मुलींनी भुलाबाई मांडली होती. डब्यात काय आहे ते चौथीतल्या एका पोरीनं मैत्रिणीच्या कानात आधीच सांगून टाकलं, दोघी तोंडावर हात दाबून लाल होत होत्या. मला राहवलं नाही. स्वयंपाकीणताईंचं माहेर कळंबकडचं. त्यांना मावशीच्या घरचं आडनाव सांगितलं. आज सकाळी खिचडीला फोडणी देता देता त्यांनी माझ्यासमोर एक नंबर ठेवला, नातवाचा. मी तिथंच उभ्या उभ्या लावला. मावशीला आईचं सासरचं नाव कळेना. मग मी माहेरचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "तिले सांगजो, मी अजून जित्ती हावो. आनं येशील तं रिकाम्या हातानं नको येऊ म्हना, सांबारवडी आन."

तर ठरलं ते असं. भाऊबीजेला 23 तारखेला मी येते. 24 ला शुक्रवारी सकाळच्या गाडीनं कळंब. आईला अर्ध तिकीट, तुम्हाला पंचाहत्तर झाल्यामुळे तेही नाही. काकांनाही घ्या, त्यांचंही फुकटच आहे. चिंतामणीचं दर्शन पायऱ्या उतरून खाली जाऊन घ्यावं लागतं, आईच्या टोंगळ्याला झेपलं तर घेऊ, नाही तर वरूनच हात जोडू. तुम्ही दोघं देवळाबाहेर बसा आणि पेपर वाचा. मावशीच्या घरी दुपारभर येऊ नका, "चला, गाडी जाईल" तर अजिबात म्हणू नका. गाड्या खूप आहेत.

आई, सांबाराच्या हिरव्या जुड्या आणि बेसन विकत घेऊन ठेव, वड्या आपण दोघी करू. आणि बांगड्या जरा वर सरकवून ये, ठिपके दिसले पाहिजेत.

बाबा, एक काम तुमच्याकडे. टेलरकाकांच्या दुकानावरून जाल तेव्हा त्यांच्या लेकीचा सासरचा पत्ता घ्याल का? फोन नंबर नको, पत्ताच, पिनकोडसकट. त्यांनी कारण विचारलं तर सांगा, बाईला एक जुनं उत्तर द्यायचं आहे.

तुमची,
बाई

ता. क. तिघांनीही आधार कार्ड सोबत ठेवा. झेरॉक्स चालत नाही म्हणून कंडक्टर वाद घालतात, मूळच आणा. काकांचं त्यांच्या सुनेच्या कपाटात असतं, आदल्या दिवशीच मागून घ्या.