तुझ्या रानात आता ऊस नको

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, तू आला नाहीस. आंबील, भज्जी सगळं झालं, पण पूजेची खोप करायला शिवारात ज्वारीचा कडबाच नव्हता. पेंढ्या विकत आणल्या. आई काही बोलली नाही, नुसती त्या पेंढ्यांकडं बघत राहिली. तेव्हाच ठरवलं, तुला लिहायचं.

तुझं तीन एकर मी सहा वर्षं बटईनं करतोय. निम्मा हिस्सा वेळेवर पोचला, म्हणून तू कधी काही विचारलं नाहीस. आज मीच सांगतो. उसाचं पाचट, तोडीनंतर पडलेला वाळला पाला, मी जाळत आलो. तोड झाली की खोडव्याच्या, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाच्या घाईत काडी लावायची, तासाभरात रान मोकळं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. कुजलं असतं तर मातीचंच झालं असतं. त्यातलं नत्र धुरात गेलं, वरच्या थरातले जीव भाजले, आणि ती तूट मी युरियाच्या गोण्यांनी भरत राहिलो. यंदा माती तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत उरणारा कस, फक्त ०.३८ टक्के. तसं तपासायची गरजही नव्हती. श्रावणात चार दिवस पाणी तुंबून राहिलं, आणि रान कामाजोगं सुकून वापसा येतोय म्हणेपर्यंत भेगा पडल्या. गळाला लावायला आपण गांडुळं तिथंच उकरायचो ना? यंदा हातभर खणलं. एकही दिसलं नाही.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आठवतं? पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. परवा रात्री हिशेब मांडला. पाटानं भिजवलेल्या उसाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. तसल्या सोळा गाड्या, एका एकरात! आपल्याकडं पाऊस पडतो ७००-८०० मिलिमीटर, आणि खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. तुझ्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी होतं. आता साडेपाचशेवरून ओढतोय.

ऊस लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. सोयाबीन काढणीला भिजलं की हाती काही उरत नाही, उसाचे पैसे तरी येतात. माझ्या थोरलीचं लग्न उसावरच झालं.

पण यंदा तोडीनंतर खोडवा ठेवू नये असं मला वाटतं. पाचटाची कुट्टी करून रानातच गाडतो. पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलावर आला की नांगरून मातीत गाडतो. दसऱ्याच्या सुमारास ज्वारी, मधे करडईची तासं. करडईची मुळं खोलवर जाऊन तिथली ओल घेतात. पुढच्या साली हरभरा. हरभऱ्याच्या बेवडावर, म्हणजे हरभरा निघालेल्या रानात, ज्वारी कशी डोलते, ते तू पाहिलेलं आहेस.

दोन-तीन वर्षं तुझ्या हिश्शाचे पैसे आताच्या निम्म्यावर येतील. पोराची फी त्यातूनच जाते, हे माहीत असून लिहितोय. माझ्या दोन एकरांत मी हेच करणार आहे, पण हे रान तुझं, म्हणून विचारतो.

तोडकरी पंधरा दिवसांत येतील. त्याआधी कळव.

तुझा,
बांधभाऊ